बर्फाची पत

माझा माझ्या मेहुण्यावर राग आहे. आता मेहुण्यावर राग असणे ही काही लेख लिहून जगाला कळवण्यासारखी बातमी नव्हे. पण माझा राग तात्त्विक आहे. हे आमच्या हिला पटत नाही. तिच्या मते तिच्या भावावरचा कुठलाही राग तात्त्विक नसतो. त्याच्या मुळाशी लग्नातल्या मानपानात राहून गेलेले काहीतरी असते. म्हणून हे प्रकरण मी घराबाहेर, म्हणजे वाचकहो, तुमच्यापुढे मांडतो आहे. निकाल तुम्ही द्या.

मेहुणा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. सरकारी मोजणीप्रमाणे तळी आहेत ११,८४२. तीसुद्धा दहा एकर आणि त्याहून मोठी तेवढीच धरून. आमच्या कॉलनीसमोर पावसाळ्यात होते तसली धरली असती तर आकडा कुठच्या कुठे गेला असता. जाहिरातीत आकडा कमी आणि दप्तरात जास्त, हा प्रकार मी बँकेतल्या वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिला.

हिवाळ्यात ही तळी गोठतात. गोठली की तिथली माणसे बर्फावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात, भोकात गळ सोडतात आणि उपड्या बादलीवर बसून राहतात. उन्हाळ्यात माणशी एकच गळ टाकायची परवानगी, पण बर्फावर दोन. बहुधा थंडीभत्ता म्हणून. याला म्हणायचे आइस फिशिंग.

हे ऐकून आमची शाखा पोट धरून हसली. कॅशियर म्हणाला, "एवढं करण्यापेक्षा फ्रीजचं दार उघडून समोर खुर्ची टाकून बसावं." मी हसलो नाही. मी मूळचा मालवणकडचा. माशासाठी माणूस जे जे करतो ते ते मला शहाणपणाचेच वाटते. शिवाय त्यात शास्त्र आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, ते तळाशी जाते. बर्फ हलका, तो वर तरंगतो. म्हणजे वर उणे वीस असले तरी खाली मासा आपला चार अंशांत, जरा सुस्तावलेला, पण जिवंत असतो. हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकले होते. मी पुढे कॉमर्सला गेलो म्हणून विसरलो. सायन्सला गेलेले का विसरले ते त्यांनी सांगावे.

तेव्हा माझे भांडण त्या छंदाशी नाही. माझे भांडण 'तयारी' या शब्दाशी आहे.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही उभयता मेहुण्याकडे गेलो होतो. बॅगा आत जायच्या आधी त्याने मला गॅरेजात नेले. मोटार बाहेर अंगणात उभी होती. आत तयारी उभी होती.

"भाऊजी, सीझनची तयारी! ऑक्टोबरपासून लागलोय."

पहिले होते गिरमिट. आपल्या सुताराकडे असते तेच, पण भीमाच्या मापाचे आणि बॅटरीवर चालणारे. मग भोकात साठणारा बर्फाचा चुरा काढायला झारा. आमच्या हिने तो उलटसुलट करून पाहिला आणि "जिलब्यांना बरा आहे" असा शेरा मारला. मग छत्रीसारखा फटकन उघडणारा तंबू. तंबूत लावायचा गॅसचा हीटर. चंद्रावर जाणाऱ्यांचे असतात तसले दोन पोशाख, एक त्याचा आणि एक त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाचा, चिन्मयचा. आणि शेवटी, देवघरातला शाळिग्राम दाखवावा तसे, पेटीत ठेवलेले एक यंत्र. त्याचे नाव सोनार. पाण्यात आवाज सोडून मासा कुठे आहे ते ते पडद्यावर दाखवते. किंमत विचारली आणि नाव योग्य आहे याची खात्री पटली.

बँकवाल्याला बेरजेची खोड. सोनार ५०० डॉलर, गिरमिट ५५०, तंबू ३५०, हीटर १५०, पोशाख ३००. एकूण १,८५० डॉलर. त्या वेळचा भाव ८३ रुपये धरला तर १,५३,५५० रुपये. आदल्या वर्षी किती मासे मिळाले होते, असे मी सहज विचारले. तीन. म्हणजे तीच आवक धरली तर माशामागे एक्कावन्न हजार एकशे त्र्याऐंशी रुपये, मसाला वेगळा.

तरीही मी काही बोललो नाही. छंदाला हिशेब लावू नये, एवढे मला कळते. आमचे हेडक्लार्क तिकिटे जमवतात.

मी फक्त एक प्रश्न विचारला. "बर्फ किती जाड झालाय?"

मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. कर्जाच्या अर्जाला तीन फोटो, चार दाखले, दोन जामीनदार जोडून आलेल्या माणसाला "जमीन तुमच्या नावावर आहे का?" असे विचारल्यावर तो बघतो, तसा.

"होईल हो. लोक जातायत."

इथे माझ्या तात्त्विक रागाला सुरुवात झाली.

अहो, मासेमारीची तयारी म्हणजे काय? आमच्या मालवणात विचारा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. सरकारने सांगितले म्हणून, आणि समुद्र खवळलेला असतो म्हणूनही. होड्या वर ओढलेल्या असतात. माणूस जाळी दुरुस्त करतो आणि समुद्राकडे बघत बसतो. बघणे हे तयारीतले मोठे काम आहे. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा. ज्याचे पोट माशावर आहे, ज्याच्या डोक्यावर होडीचे कर्ज आहे आणि त्याच्या हप्त्यासाठी माझ्यासारखा कोणीतरी नोटिसा धाडतो आहे, तो माणूस समुद्राची वाट बघतो. आणि ज्याला मासा मिळाला नाही तरी रात्री पिझ्झा मिळणारच आहे, त्याला बर्फासाठी पंधरा दिवस थांबवत नाही! याला छंद म्हणायचे की वसुली?

दोष एकट्या मेहुण्याचा नाही. तो मला दुकानात घेऊन गेला होता. दुकान कसले, गावच होते ते. 'सीझन आला, तयार आहात ना?' अशा पाट्या टांगलेल्या. तिथे बर्फावर वापरायची प्रत्येक वस्तू होती. बर्फाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते. गल्ल्यावरच्या माणसाला मी माझ्या इंग्रजीत विचारले, की तळे नीट गोठलेय का? तो हसून म्हणाला, "सर, विंटर इज कमिंग." मार्चअखेरीला आमचे मॅनेजर ठेवी येतील म्हणतात, अगदी त्याच सुरात.

आता बर्फ म्हणजे काय, ते आमच्या भाषेत सांगतो. बर्फ म्हणजे तारण. त्यावर किती वजन द्यायचे हे त्याच्या जाडीवर ठरते. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याचा यासाठी तक्ता आहे आणि तो वाचताना मला माहेरी आल्यासारखे वाटले. चालत जायचे तर निदान ४ इंच. स्नोमोबाइलला ५ ते ७. लहान मोटारीला ९ ते १०. मध्यम ट्रकला १३. हे सगळे नव्या, पारदर्शक बर्फासाठी. तळ्यावर तो काळसर दिसतो, खालचे पाणी दिसते म्हणून. बर्फ पांढरा असेल, म्हणजे वर पडलेला हिमाचा थर भिजून पुन्हा गोठलेला, तर त्याची ताकद निम्मी. जाडी दुप्पट पाहिजे. आमच्या धंद्यात पैसा पांढरा लागतो आणि काळा दिसला की पळायचे. तिथे उलटे.

आणि एवढा तक्ता देऊनही ते खाते वर सांगते, की कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. दर दीडशे फुटांवर पुन्हा मोजा. कारण एकाच तळ्यावर इथे सहा इंच आणि तिथे दोन, असे असू शकते. झरा असला, ओढा येऊन मिळत असला, वरून पूल गेला असला, की तिथला बर्फ कच्चा. वर हिम साठले की रजई घातल्यासारखे होते आणि खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो. म्हणजे दिसायला जिथे जास्त पांढरेशुभ्र, नाताळच्या भेटकार्डासारखे, तिथेच घात. गिऱ्हाइकांतही हा प्रकार आहे. पण तो विषय वेगळा.

हे सगळे मी मेहुण्याला ऐकवले. त्याने माझे चार मुद्दे खोडले. ते इथे देतो, म्हणजे मी एकतर्फी लिहितो असे कोणी म्हणायला नको.

पहिला मुद्दा : "भाऊजी, लोक गेलेत की बर्फावर."

गेलेत ना. पण ते का गेलेत? त्यांना तुम्ही लोक गेलेले दिसता म्हणून! आमच्याकडे दोन मित्र एकमेकांना जामीन राहून दोन कर्जे घेऊन जातात. कागद चोख, सह्या ठसठशीत, आणि खाली पाणी. २०२२ च्या २८ नोव्हेंबरला याच राज्यातल्या अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला. त्यावर सुमारे दोनशे माणसे होती. म्हणजे 'लोक गेलेत' म्हणणारी दोनशे माणसे एकमेकांच्या भरवशावर तिथे उभी होती. सगळी सुखरूप परत आणली, हे आणणाऱ्यांचे पुण्य. २००९ च्या फेब्रुवारीत ईरी सरोवरावर असेच शंभराहून जास्त लोक अडकले, तेव्हा एक माणूस गेला.

दुसरा मुद्दा : "दर वर्षी या तारखेला जातो आम्ही."

तारीख कॅलेंडरवर असते. बर्फ तळ्यावर असतो. त्या वर्षी थंडीने दगा दिला होता. मिनियापोलिसकडे आजवरच्या नोंदींतला सर्वांत उबदार डिसेंबर तो. नाताळात तिथे पाऊस पडला. मी स्वतः छत्री धरली. ब्रेनर्डजवळच्या गल लेकवर जानेवारीत हजारो माणसांची बर्फातली मासेमारीची मोठी स्पर्धा भरते. २०२४ साली बर्फच धड नाही म्हणून ती रद्द करावी लागली. हवामान बदलत चालले आहे हे शास्त्रज्ञ सांगतात, वर्तमानपत्रे छापतात, मेहुणा त्यावर मराठी मंडळात भाषणसुद्धा देतो. पण सीझनची तारीख मात्र वडिलोपार्जित!

तिसरा मुद्दा : "पडलोच तर पोहता येतं मला."

इथे मी मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांना साक्षीला बोलावतो. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा हिशेब त्यांनी एक-दहा-एक असा मांडला आहे. पहिला एक मिनिट धाप आवरायला. त्यात घाबरून नाकातोंडात पाणी गेले तर संपले. पुढची दहा मिनिटे हातपाय ऐकतात तेवढी. नंतर बोटांना दोरीसुद्धा धरवत नाही. आणि शुद्ध हरपायला एक तास. पोहण्याचे बक्षीस शाळेत मिळालेले असले तरी ते त्या दहा मिनिटांतच वटवायचे असते, आणि तेही ओल्या कपड्यांत, कडा तुटणाऱ्या भोकात.

चौथा मुद्दा : "काही होत नाही हो, भाऊजी."

याला उत्तर नाही. मराठी भाषेतले हे सर्वांत धोकेबाज वाक्य आहे. ते अमेरिकेत जाऊन वीस वर्षे झाली तरी सुटत नाही. मी ते बुडीत कर्जांच्या फायलींत साहेबांच्या शेऱ्यांमधून वाचले आहे. तिथे ते इंग्रजीत आणि जरा लांब असते, इतकेच.

शेवटी रविवारी सकाळी आम्ही घरापासून अर्ध्या तासावरच्या तळ्यावर गेलो. मी सोबत जाण्यासाठी दोन अटी घातल्या होत्या. हीच माझ्या मते खरी तयारी, म्हणून नीट सांगतो. एक पहार घ्यायची आणि पुढे पहार, मागे माणूस, असे चालायचे. बर्फावर जोराने एक घाव घालायचा; पहार आरपार गेली की मागे फिरायचे. आणि तिघांच्या गळ्यात टोचे घालायचे. टोचे म्हणजे लाकडी मुठीचे दोन खिळे, दोरीने जोडलेले. भोकात पडलात तर ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड करायचे, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला एकदा तरी पेलले आहे. टोचे बर्फात रोवायचे, पाय झाडायचे, वर सरकायचे. आणि वर आल्यावर उभे राहायचे नाही, लोळत दूर जायचे. ही जोडी दहा-बारा डॉलरला मिळते. दीड लाखाच्या तयारीत ती नव्हती! मी ती त्याच दुकानात घेतली. गल्ल्यावरून पार आत, खालच्या फळीवर धूळ खात पडलेली.

काठाजवळ चार इंच भरले. मेहुण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पन्नास पावलांवर सव्वातीन. चिन्मयच्या हातात शाळेतली फूटपट्टी होती. तो भोकात घालून वाचायचा आणि मोठ्याने सांगायचा. अजून थोडे पुढे गेलो. पहारीचा पहिला घाव घातला आणि ती हातातून सुटल्यासारखी खाली गेली. भोकातून पाणी वर आले आणि बुटांपर्यंत पसरले.

"टू अँड अ हाफ," चिन्मय म्हणाला.

कोणी काही बोलले नाही. पुढे शंभर-दीडशे पावलांवर दोन माणसे बादल्यांवर मजेत बसलेली दिसत होती. मेहुणा त्यांच्याकडे बघत होता. मी मेहुण्याकडे बघत होतो. चिन्मय त्याच्या बाबाकडे बघत होता. मग त्याने विचारले, "बाबा, माझं वजन कमी आहे. मी एकटा जाऊ का?"

वाचकहो, माझा राग तात्त्विक आहे असे मी वर लिहिले आहे. त्या क्षणी तो तात्त्विक राहिला नव्हता. पोराने प्रश्न अगदी बरोबर विचारला होता. वजनाचा तक्ता त्याने पाहिला होता, बापाची दोन महिन्यांची तयारी पाहिली होती आणि बादलीवरची दोन माणसेही दिसत होती. आपण मोठ्यांनी 'काही होत नाही' म्हटले की त्याचा अर्थ मुले अशी लावतात.

मेहुणा खरोखर चांगला माणूस आहे. त्याने घसरगाडीची दोरी उचलली आणि "चला" म्हणून काठाकडे वळला. परत येताना आम्ही एकमेकांत अंतर ठेवून, आलो त्याच वाटेने चाललो. घरी पोचेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. हिने मला स्वयंपाकघरात गाठून, "झालं समाधान? पोरांची सुट्टी घालवलीत," असे सुनावले. संध्याकाळी सोनार पेटीत परत गेले.

२९ डिसेंबरला अपर रेड लेकवर पुन्हा बर्फ सुटला. शंभराहून अधिक लोक अडकले; त्यांना बाहेर काढायला बोटी न्याव्या लागल्या. टीव्हीवर ते दाखवत असताना मेहुण्याने आवाज कमी केला. मी एक अक्षर बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण जेवण वाढलेले होते आणि वाढणारी त्याची बहीण होती.

आता माझी मागणी. ती मेहुण्याकडे नाही, दुकानदारांकडे आणि सीझन-सीझन करणाऱ्या सगळ्यांकडे आहे. तयारीची यादी उलटी लावा. सर्वांत वर पहार आणि फूटपट्टी. मग टोचे. मग लांब दोरी. मग कुठल्या तळ्यावर जातो आणि किती वाजता परत येतो, हे घरी सांगून ठेवणे. याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते दुकानात मिळत नाही. तंबूत हीटर लावणार असाल तर हवेला वाट ठेवा आणि विषारी वायूची सूचना देणारे यंत्र घ्या, कारण कार्बन मोनॉक्साइडला बर्फाची जाडी विचारावी लागत नाही. एवढे झाले की मग खुशाल सोनार घ्या, त्याचा भाऊ कासार मिळाला तर तोही घ्या. मी आड येणार नाही.

आणि बर्फ भरला नाही, तर घरी परत जाणे हीसुद्धा तयारीतच धरा. आमच्या बँकेत मंजूर केलेल्या कर्जांचे आकडे बोर्डावर लागतात. नामंजूर केल्यामुळे वाचलेल्या पैशांचा बोर्ड मी अजून कुठल्या शाखेत पाहिलेला नाही. तसला कोणी बर्फावर लावत असेल असेही वाटत नाही.

आम्ही परत आलो. जानेवारीत चार दिवस कडाक्याची थंडी पडली आणि नंतर मेहुण्याचा फोटो आला. मला वाटले, मासा असेल. मासा नव्हताच. बर्फातले भोक, त्यात उभी धरलेली चिन्मयची फूटपट्टी, आणि बोट आठाच्या आकड्यावर. खाली लिहिले होते, 'भाऊजी, मंजूर?'

मी लगेच 'मंजूर' कळवले. मग सवयीने खाली आणखी एक ओळ घातली : 'दर दीडशे फुटांवर फेरतपासणीच्या अटीवर.'

ही म्हणाली, "सरळ शाबास म्हणायला काय होतं तुम्हाला?"